टक्के कशाचे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांची फेरमांडणी झाली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ मोडीत निघाले आणि बहुसंख्य वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांच्या टप्प्यांत आल्या. ज्या वस्तूवरील कर १२ चा ५ झाला, ती ७ टक्क्यांनी स्वस्त व्हावयास हवी, असा हिशेब कोणाच्याही मनात सहज येतो. परंतु तो बरोबर नाही. १०० रुपयांच्या वस्तूवर १२ रुपये कर होता, म्हणजे गिऱ्हाईक ११२ रुपये देत होते. आता त्याने १०५ रुपये द्यावयाचे. ७ रुपये वाचले खरे, पण ते ११२ मधून वाचले. म्हणजे किंमत ६.२५ टक्क्यांनी उतरली. २८ चे १८ झाले तेथे १० टक्क्यांची नव्हे, ७.८१ टक्क्यांची स्वस्ताई झाली. १८ चे ५ झाले तेथे १३ ऐवजी ११.०२ टक्के. आणि व्यक्तिगत आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर पूर्णपणे माफ झाला, तेव्हा हप्ता भरणाऱ्याचा खर्च १८ टक्क्यांनी नव्हे, फार तर १५.२५ टक्क्यांनी कमी व्हावयाचा होता. ‘फार तर’ म्हणण्याचे कारण असे की, करमाफी झाल्याबरोबर विमा कंपनीला तिने स्वतः भरलेल्या कराची वजावट मिळणेही बंद झाले.

हा फरक अपूर्णांकांचा आहे आणि त्यावर अग्रलेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की, गेल्या पन्नास-साठ वर्षांत या देशातील कष्टकऱ्यांच्या खिशातून जे काही अलगद काढून घेतले गेले, त्याचा फार मोठा भाग अशा अपूर्णांकांच्या फटीतूनच गेला आहे. शिवाय, वाण्याने किंमत ६.२५ टक्क्यांनी उतरवली असेल तर त्याने गिऱ्हाइकाला फसविलेले नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी गल्लीतल्या दुकानदाराशी हुज्जत घालण्यापूर्वी एवढे पाहून घेतले पाहिजे; कारण लहान दुकानदाराशी खोटे भांडण करून आपण मोठ्या उत्पादकाला, ज्याने मूळ किंमतच चार रुपयांनी वाढवून ठेवली असण्याचा संभव आहे, मोकळे सोडतो.

टक्का ही स्वतंत्र वस्तू नाही. रुपया हा रुपया असतो; टक्का हा नेहमी कशाचा तरी टक्का असतो. जोवर ते ‘कशाचे तरी’ तेच राहते, तोवर टक्क्यांची बेरीज-वजाबाकी करता येते. ते बदलले की बेरीज खोटी ठरते आणि गुणाकार करावा लागतो. आपल्या खेड्यातील निरक्षर माणसालाही हे तत्त्व माहीत होते, कारण ते त्याला सावकाराने शिकविले होते. दरमहा दोन टक्के, म्हणजे सरळव्याजाने वर्षाला २४ टक्के. पण थकलेले व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढू लागले की वर्षाचे २६.८२ टक्के होतात, आणि पाच वर्षांत शंभराचे ३२८ होतात. सरळव्याजाने २२० झाले असते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा ते कागद नव्हे तर हा गुणाकार जाळीत होते. जुन्या हिंदू कायद्यातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येणार नाही हे बंधन, याच गुणाकाराला घातलेला लगाम होता. चक्रवाढ व्याजाला आपण घाबरतो. चक्रवाढ महागाई आणि चक्रवाढ दलाली यांना मात्र आपण नुसती बेरीज समजून चालतो.

सणासुदीच्या सेलबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ५० टक्के सूट आणि त्यावर आणखी ४० टक्के, ही ९० टक्के सूट नव्हे. हजार रुपयांच्या कापडाचे आधी पाचशे झाले, त्या पाचशेवर ४० टक्के म्हणजे दोनशे सुटले, तीनशे द्यावे लागले. एकूण सूट ७० टक्के. आधी किंमत २५ टक्क्यांनी चढवून मग २० टक्के सूट जाहीर केली, तर शून्य सूट होते, हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. या क्रमाची उलटापालट केली तरी उत्तर बदलत नाही, एवढे फक्त लक्षात ठेवावे. ‘आधी सूट, मग वाढ’ की ‘आधी वाढ, मग सूट’ असा वाद घालणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. राज्य परिवहन महामंडळाचे उदाहरण घ्या. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. पूर्वीच्या शंभर रुपयांच्या पूर्ण भाड्याशी तुलना केली तर आज स्त्रीला सुमारे साडेसत्तावन्न रुपये पडतात, आणि सरकार म्हणू शकते की तिला अजूनही साडेबेचाळीस टक्क्यांचा लाभ आहे. ते खरेही आहे. परंतु भाडेवाढीच्या आदल्या दिवशी ती पन्नास रुपये देत होती. तिच्या पदरच्या रकमेत वाढ झाली ती १४.९५ टक्क्यांचीच, सूट अर्धी म्हणून तिला वाढही अर्ध्या टक्क्यांनी बसली असे झाले नाही. टक्क्यांच्या भाषेत तिच्यावर आणि पूर्ण तिकीट काढणाऱ्या तिच्या नवऱ्यावर सारखाच बोजा पडला.

राजकीय दृष्ट्या सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे उतार आणि चढ यांची बरोबरी. २० टक्के खाली आलेली वस्तू पूर्ववत व्हावयास २५ टक्के वर जावी लागते; ३० टक्के खाली आलेली जवळजवळ ४३ टक्के; आणि अर्ध्यावर आलेली शंभर टक्के. २०२० च्या टाळेबंदीत ज्या खासगी आस्थापनांनी वेतनात २० टक्के कपात केली आणि वर्ष-दीड वर्षाने ‘तुमचे २० टक्के परत दिले’ असे सांगितले, तेथे काय झाले? पंधरा हजारांचे बारा हजार झाले होते. बारा हजारांवर २० टक्के म्हणजे २,४००. हातात आले १४,४००. सहाशे रुपये महिन्याला कायमचे गेले, आणि पुढची प्रत्येक वाढ त्या कमी झालेल्या रकमेवर मोजली गेली. बोनस, उपदान, भविष्यनिर्वाह निधी यांच्या हिशेबातही हे सहाशे ज्या प्रमाणात धरले जातात त्या प्रमाणात गळतच राहतात.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या बाबतीत हाच प्रकार सबंध देशासमोर घडला. २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २४.४ टक्क्यांनी घसरले. पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत ते २०.१ टक्क्यांनी वाढले, आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ही वाढ जाहीर झाली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. २४ गेले, २० आले, म्हणजे चारच टक्के राहिले, असा समज त्यामुळे होणे स्वाभाविक होते. त्या वेळच्या सरकारी आकड्यांप्रमाणे स्थिर किमतींना हे उत्पादन आधी ३५.६७ लाख कोटी रुपये होते, ते २६.९५ वर आले, आणि वीस टक्के वाढून ३२.३८ लाख कोटींवर पोहोचले. दोन वर्षांपूर्वीपेक्षा देश अजूनही ९.२ टक्के मागे होता. खोटा आकडा एकही नव्हता. २०.१ हा आकडा खराच होता. तो कशाचा होता, एवढेच मथळ्यात लिहिलेले नव्हते.

रुपयाच्या अवमूल्यनाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ६ जून १९६६ रोजी इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचे मूल्य ३६.५ टक्क्यांनी उतरविले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते ते साडेसात रुपये पडू लागले. आता ४.७६ चे ७.५० होणे म्हणजे किती वाढ? ५७.५ टक्के. एकच घटना, सरकारी घोषणेत ती ३६.५ टक्के होती आणि गहू, खत किंवा यंत्राचा सुटा भाग आयात करणाऱ्याच्या वहीत ती ५७.५ टक्के होती. १९९१ च्या जुलैमध्ये हे काम दोन हप्त्यांत झाले: १ जुलैला सुमारे ९ टक्के, ३ जुलैला सुमारे ११ टक्के. येथे बेरीज करून २० म्हणणाऱ्यांनी उलट बाजूने चूक केली. ९१ चे ११ टक्के कमी केले की ८१ उरतात, म्हणजे घट १९ टक्के. परंतु डॉलर मात्र साडेतेवीस टक्क्यांनी महागला. समर्थकाने १९ म्हणावे, विरोधकाने साडेतेवीस, आणि दोघांनीही खरे बोलावे! अशा वेळी पक्षाच्या वक्त्याने व्यासपीठावरून मोठा आकडा फेकण्यापेक्षा दोन्ही आकडे आणि रुपये-पैसे सांगावेत, हे आमच्या मते अधिक परिणामकारक असते. कारण लहान आकडा सांगणारा प्रतिपक्षी मग खोटे पाडता येत नाही म्हणून नव्हे, तर अपुरे सांगतो म्हणून उघडा पडतो.

आता वेतनाकडे वळू. किरकोळ महागाईचा सरासरी दर २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६. दर उतरत गेला, आणि त्याबरोबर ‘महागाई कमी झाली’ हे वाक्य रूढ होत गेले. कमी झाला तो वेग. भाव चढतच होते, आणि प्रत्येक वर्षीचा चढ आदल्या वर्षीच्या चढलेल्या भावावर होता. तीन आकड्यांची बेरीज १६.७ होते, खरी वाढ १७.६ टक्के आहे. याच तीन वर्षांसाठी एखाद्या कारखान्यात ‘दरवर्षी पाच टक्के’ असा करार झाला असे समजू. पाच टक्के मूळ पगारावर की चालू पगारावर, हे करारात लिहिलेले नसते किंवा बारीक अक्षरांत लिहिलेले असते. आणि ते मूळ पगारावर धरले जाते. वीस हजार घेणाऱ्या कामगाराचे पहिल्या वर्षी एकवीस, मग बावीस, मग तेवीस हजार झाले. भावांबरोबर जागच्या जागी उभे राहण्यासाठी त्याला अनुक्रमे २१,३४०, २२,४९२ आणि २३,५२७ हवे होते. दरमहा तूट ३४० ची ४९२ आणि ४९२ ची ५२७ झाली. ‘तीन वर्षांत पंधरा टक्के वाढ’ अशी ज्याची पत्रके लागली, त्या करारात कामगाराचे खरे वेतन सव्वादोन टक्क्यांनी कमी झाले. चालू पगारावर पाच टक्के धरले असते तरी ते १.६ टक्क्यांनी कमीच झाले असते. पण अखेरच्या वर्षी महिन्याला १५३ रुपये वाचले असते. एवढ्या रकमेसाठी संप होत नाही हे मालकपक्ष जाणतो.

महागाई भत्त्याची गोष्ट याहून वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जुलै २०२५ पासून ५५ वरून ५८ टक्के झाला. वृत्तपत्रे याला ‘३ टक्के वाढ’ म्हणतात. हे तीन टक्के मूळ वेतनाचे आहेत. कर्मचाऱ्याच्या हाती मूळ वेतन आणि भत्ता मिळून १५५ येत होते, ते १५८ झाले. म्हणजे वाढ १.९४ टक्के. येथे कोणी फसविलेले नाही. भत्त्याचे सगळे टक्के एकाच मूळ वेतनावर मोजले जातात आणि निर्देशांकही एकाच मूळ पातळीशी ताडला जातो, म्हणून येथे बेरीज योग्यच आहे. परंतु असंघटित कामगाराला शेजारच्या सरकारी नोकराचे ‘तीन टक्के’ ऐकून जो हेवा वाटतो, तो १.९४ टक्क्यांवर असूया करण्याजोगे काही नाही हे समजल्यास पुष्कळ निवळेल. कष्टकऱ्यांच्या दोन थरांत भांडण लावण्याचे काम असे न बोललेले आकडे फार चांगले करतात.

शेतमालाच्या बाजारात मात्र गुणाकाराचा सर्वांत कठोर अनुभव येतो. सोयीसाठी एक हिशेब मांडू. प्रत्यक्षातील आकडे पिकागणिक आणि हंगामागणिक वेगळे असतात. शेतकऱ्याने कांदा दहा रुपये किलोने विकला. तो गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो चार हातांतून गेला आणि प्रत्येकाने आपला खर्च व नफा धरून केवळ २० टक्के चढविले. चार विसे ऐंशी, म्हणजे अठरा रुपयांना मिळावा. पण दहाचे बारा, बाराचे १४.४०, त्याचे १७.२८ आणि त्याचे २०.७४ होतात. भाव दुपटीहून वर गेला, कारण दुसरा दलाल शेतकऱ्याच्या दहा रुपयांवरच नव्हे, पहिल्याच्या दोन रुपयांवरही टक्के घेतो, आणि चौथा तिघांच्याही टक्क्यांवर.

येथवर गोष्ट साधी आहे. आता शहरात कांदा एक चतुर्थांशाने उतरला: २०.७४ चा १५.५५ झाला. गाडीभाडे, हमाली, गाळ्याचे भाडे रुपयांत ठरलेले असते, ते उतरत नाही; व्यापारीही आपला नफा रुपयांतच धरून बसतो. मधल्या चौघांचे १०.७४ तसेच राहिले आणि शेतकऱ्याच्या हाती उरले ४ रुपये ८१ पैसे. गिऱ्हाइकाला २५ टक्क्यांची स्वस्ताई, शेतकऱ्याची ५२ टक्क्यांची घसरण. उलट, भाव एक चतुर्थांशाने चढून २५.९२ झाला तर? तोच न्याय लावला असता मधले १०.७४ वजा जाऊन शेतकऱ्याला १५.१८ मिळावयास हवेत. पण चढत्या बाजारात मधले लोक टक्क्यांनी हिशेब करू लागतात, आणि शेतकऱ्याला साडेबारा रुपये मिळतात. भाव पडताना रुपयांचा हिशेब, भाव चढताना टक्क्यांचा. लासलगावचा भाव कोसळल्याची आणि मुंबईत कांदा अजून महाग असल्याची बातमी एकाच दिवशी एकाच पानावर येते, तेव्हा शहरी वाचक शेतकऱ्याकडे आणि शेतकरी शहरी ग्राहकाकडे संशयाने पाहतो. वरील हिशेब दोघांना एकत्र बसवून फळ्यावर मांडून दाखविण्यासारखा आहे. ‘टक्केवारी’ या शब्दाला मराठीत अलीकडे जो दुसरा, सरकारी कंत्राटांतला अर्थ आला आहे, त्याची वाढही याच रीतीने होते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

आणखी एका प्रश्नावर संघटनांत मोकळेपणाने चर्चा व्हावयास हवी. सर्वांना सारख्याच टक्क्यांची वाढ ही न्यायाची वाढ आहे असे आपण धरून चालतो. दहा हजार आणि एक लाख अशा दोन पगारांना पाच वर्षे दरसाल चालू पगारावर दहा टक्के दिले, तर पहिल्याचे १६,१०५ आणि दुसऱ्याचे १,६१,०५१ होतात. प्रमाण तेच, एकास दहा. अंतर मात्र ९० हजारांवरून १ लाख ४५ हजारांवर गेले. बाजारात डाळ प्रमाणाने मिळत नाही, रुपयांनी मिळते; आणि घरभाडे, शिकवणी, दवाखाना यांचे भाव ज्याच्या हाती अधिक रुपये तो ठरवितो. महागाई भत्त्याच्या जुन्या पद्धतीत या प्रश्नाची जाणीव होती. चौथ्या वेतन आयोगाच्या काळात साडेतीन हजारांपर्यंत मूळ वेतन असणाऱ्याला महागाईची शंभर टक्के भरपाई मिळे, त्याच्या वरच्याला ७५ टक्के आणि सहा हजारांच्या वर ६५ टक्के. पाचव्या आयोगापासून सर्वांना सरसकट शंभर टक्के मिळू लागली. वरच्या श्रेणीतील नोकरांचेही वेतन घसरू नये हे मान्य केले, तरी ज्या तत्त्वाने खालच्याला अधिक संरक्षण मिळत होते ते तत्त्व फारशी चर्चा न होता गेले, हे नमूद केले पाहिजे.

१९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांची भाषा धान्य, तेल, साखर आणि रॉकेल यांची होती, आणि म्हणूनच ती चाळीचाळींतून समजली. निर्देशांक आणि टक्के यांची भाषा आपण त्यानंतर शिकलो, आणि ती शिकणे आवश्यकही होते. वाटाघाटींच्या टेबलावर ती आल्यावाचून चालत नाही. पण सभासदांसमोर येताना तिचा पुन्हा रुपयांत अनुवाद व्हावा. पुढील वर्षी ज्या कारखान्यांचे आणि नगरपालिकांचे करार संपत आहेत, तेथील संघटनांनी मागणीपत्रकात प्रत्येक टक्क्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात असे आम्ही सुचवितो: टक्का मूळ वेतनाचा की चालू वेतनाचा, किती तारखेच्या वेतनाचा, आणि कराराच्या अखेरच्या महिन्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील कामगाराच्या हाती येणारी रक्कम, रुपयांत.